साचा आणि स्वार

जपानी चित्रमालिकांना आता आपणही सरळ ‘ॲनिमे’ म्हणू लागलो आहोत. २०१९ साली माकोतो शिन्काई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला तो इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. त्यानंतर हा ओघ वाढतच गेला. आज परळ-दादरच्या कॉलेजांतली मुलं जपानी पात्रांची नावं आपल्या मामेभावांच्या नावांइतक्या सहज घेतात. पण याच मुलांना १९७० च्या दशकातल्या अजस्र यंत्रमानवांच्या मालिकांविषयी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : सुरुवात केली होती, सोडून दिली.

माझ्या भाच्यानं ‘मॅझिंगर झेड’ चौथ्या भागाला सोडली. त्याची तक्रार अशी होती : “मामा, दर वेळी तेच. राक्षस येतो, शहर मोडतो, हा मार खातो आणि शेवटच्या दोन मिनिटांत हुकमी हत्यार काढतो. पहिल्याच मिनिटाला का नाही काढत?”

प्रश्न रास्त आहे. तो टाळून या मालिकांचं कौतुक करणं म्हणजे तिसऱ्या घंटेपर्यंत प्रेक्षक टिकलाच नाही हे न पाहता नाटकाचं परीक्षण लिहिण्यासारखं. गेली दोन-तीन वर्षं मी या मालिका क्रमानं पाहतो आहे. त्या आजच्या प्रेक्षकानं कशा पाहाव्यात, कुठून सुरुवात करावी, आणि मुळात का पाहाव्यात, याचा माझ्यापुरता उलगडा इथे मांडतो.

आधी माझा संबंध सांगायला हवा. मी भोईवाड्यातला. परळच्या भोईवाड्यातला, भुलेश्वरलाही एक भोईवाडा आहे, तो नव्हे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ नावाची मालिका दाखवत असत. चाळीतल्या ज्या खोलीत टीव्ही होता, तिच्या दारात आणि खिडकीत मिळून आम्ही पंधरा-वीस पोरं उभी राहायचो. इंग्रजी संवाद निम्मे कळत, निम्मे आम्ही रचायचो. ही चित्रमालिका नव्हती. माणसांनी यंत्रमानवाचा पोशाख घालून, पुठ्ठ्याची शहरं तुडवत केलेलं नाट्यचित्रण होतं. तोएई कंपनीनं १९६७-६८ मध्ये त्याचे सव्वीस भाग केले आणि नंतर अमेरिकेत त्यांना इंग्रजी आवाज दिले गेले. मूळचा दाइसाकू कुसामा तिथे जॉनी सोको झाला. गोष्ट अशी, की दुष्टांच्या टोळीनं बनवलेला महाकाय यंत्रमानव पहिला आवाज ज्याचा ऐकेल त्याचाच हुकूम मानणार असतो, आणि अपघातानं तो आवाज एका लहान मुलाचा निघतो. मुलाच्या मनगटावर घड्याळ. घड्याळात बोललं की यंत्रमानव हलतो. आमच्या चाळीत त्या काळी ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं ती मुलंसुद्धा मनगटाला तोंड लावून बोलत फिरत.

ही गोष्ट ज्यांच्या चित्रकथेवरून घेतली ते मित्सुतेरू योकोयामा म्हणजे या साऱ्या परंपरेचे एक मूळपुरुष. जन्म १९३४, कोबे शहरात. १९४५ साली अमेरिकी बी-२९ विमानांनी कोबे जाळलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. १९५६ मध्ये त्यांनी ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली. तेत्सुजिन म्हणजे लोहपुरुष. महायुद्धाच्या अखेरीस जपानी लष्करासाठी गुप्तपणे बनवलेलं हे अठ्ठाविसावं यंत्र. युद्ध संपतं, यंत्र उरतं, आणि ते शास्त्रज्ञाच्या मुलाच्या, शोतारो कानेदाच्या हाती येतं. यंत्राला स्वतःचं बरंवाईट काही नाही. चालवायची पेटी ज्याच्या हातात, त्याचं ते. त्यामुळे गोष्टीतला अर्धा संघर्ष पेटी पळवण्यावरच चालतो. १९६३ मध्ये तिची चित्रमालिका झाली. १९९५ च्या भूकंपात कोबेचा नागाता भाग उद्ध्वस्त झाला. तिथल्या उद्यानात २००९ साली या लोहपुरुषाचा भव्य पुतळा उभा केला गेला. जळून गेलेलं शहर पाहिलेल्या मुलानं काढलेलं चित्र त्याच शहराच्या पुनर्वसनाची खूण झालं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळतो. त्यासाठी गिरणगावातला एक शब्द मला उपयोगी पडतो : साचा. प्रमाण मराठीत साचा म्हणजे ज्यात ओतून एकसारख्या वस्तू काढतात तो. गिरणीत मात्र साचा म्हणजे माग. विणाईखात्याला साचेखातं म्हणत. माझे वडील साचेखात्यात होते, दोन साचे चालवायचे. तोच धोटा, तीच ये-जा, पाळीभर. बाहेरच्याला त्यात एकच खडखडाट ऐकू येई. त्यांना आवाजातल्या फरकावरून धागा कुठे तुटणार ते आधी कळे. साचेबंद गोष्ट पाहायलाही असाच कान लागतो.

जुन्या यंत्रमानव-मालिकांचा साचा कुठून आला हे कळलं की निम्मा वैताग जातो. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ १ जानेवारी १९६३ ला जपानी दूरचित्रवाणीवर आली तेव्हापासून दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रमालिका, तीही तुटपुंज्या पैशांत, हा पायंडा पडला. चित्रफितीत सेकंदाला चोवीस चौकटी असतात. इथे एकच चित्र तीन-तीन चौकटी वापरून सेकंदाला आठ चित्रांत भागवत. शिवाय एकदा नीट काढलेलं दृश्य साठवून पुन्हा पुन्हा लावायचं. या साठ्याला ते लोक ‘बँक’ म्हणतात. यंत्रमानव पाण्याखालून वर येतो, त्याच्या डोक्यात विमान जाऊन बसतं, मूठ हातापासून सुटून उडते : ही दृश्यं दर भागात अगदी तीच असतात, कारण ती खरोखरच तीच असतात. चित्रकारांचे हात त्या दीड मिनिटात विसावा घेत.

पण काटकसरीतून आलेल्या या दृश्याचं पुढे वेगळंच काही झालं. मुलं त्याचीच वाट पाहू लागली. कोकणातून आलेल्या आमच्या वाडवडिलांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. दशावतारात राक्षस येतो तेव्हा तो मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कुणी उठून जात नाही. आज संकासुर कोण करतोय, युद्धनृत्यात तो किती वेळ टिकतो, देवाची एंट्री कशी होते, हे पाहायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारांनी हे खेळ वर्षानुवर्षं पाहिले. ‘विष्णू पहिल्याच मिनिटाला का नाही येत’ असं तिथे कुणी विचारलं असतं, तर शेजारच्यानं त्याच्या तब्येतीची चौकशी केली असती.

तेव्हा पहिली सूचना व्यवहाराची. या मालिका एका रात्रीत सलग पाहू नका. त्या आठवड्याला एक भाग अशा पाहण्यासाठी बनल्या. सलग पाहणारा प्रेक्षक आज आहे, तेव्हा नव्हता. लोणचं पानात डावीकडे, बोटाएवढं वाढतात. कुणी वाटी भरून खाल्लं आणि खारट म्हणून नावं ठेवली, तर तो दोष लोणच्याचा नव्हे. मी स्वतः आठवड्याला दोन भागांपेक्षा पुढे जात नाही, तेही वेगवेगळ्या मालिकांचे.

‘मॅझिंगर झेड’ सुरू झाली ३ डिसेंबर १९७२ ला. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. लेखक-चित्रकार गो नागाई सांगत, की वाहतूक कोंडीत अडकलेले असताना त्यांना वाटलं, आपल्या गाडीला पाय फुटावेत आणि पुढच्या गाड्या ओलांडून जाता यावं. हिंदमाताच्या पाण्यात टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला हे वाटून गेलेलं आहे; पण त्यातून नागाईंनी केलेला बदल मोठा होता. तोवरचे यंत्रमानव बाहेरून चालवले जात, पेटीनं किंवा घड्याळानं. मॅझिंगरमध्ये मुलगा आत शिरला. कोजी काबुतो लहानसं विमान उडवत येतो आणि ते यंत्रमानवाच्या डोक्यात बसतं. आता यंत्राला लागलेला मार मुलाला लागू लागला. यंत्र पडलं की तो पडतो, यंत्राचा हात तुटला की तो कळवळतो. मरता मरता आजोबा त्याला यंत्र सोपवतात आणि बजावतात, की याच्या जोरावर तू देवही होऊ शकतोस, सैतानही. पहिल्या भागात तर हा पोरगा यंत्र सावरू न शकल्यामुळे स्वतःच नासधूस करत सुटतो. भाच्याला मी हा पहिला भाग पुन्हा पाहायला लावला; शत्रूपेक्षा आपलंच यंत्र अधिक भीतीदायक वाटावं अशी ती सुरुवात आहे.

मॅझिंगरचे ब्याण्णव भाग झाले आणि मागोमाग बाजार आला. १९७४ मध्ये मालिकेतल्या काल्पनिक मिश्रधातूचंच नाव देऊन धातूची जड खेळणी निघाली. त्याच वर्षी ‘गेटर रोबो’त तीन विमानं जोडून एक यंत्रमानव होऊ लागला. चित्रात ती जोडणी अशी होते, की लोखंड जणू कणकेसारखं मळलं जातं. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’पर्यंत खेळणंही खरोखर जोडता येईल असा आराखडा आधीच ठरू लागला. मालिका ही खेळण्यांची जाहिरात होती, यात लपवण्यासारखं काही नाही. मला मात्र त्यातली गंमत वेगळीकडे दिसते. पुरस्कर्त्याची अट एवढीच असे, की दर भागात यंत्रमानव दिसला पाहिजे, लढला पाहिजे, नवे भाग जोडले गेले पाहिजेत. ती पाळली की उरलेल्या पंधरा-सतरा मिनिटांत काय घालता ते विचारणारं कुणी नव्हतं. तादाओ नागाहामा यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्यात बरंच काही घातलं. १९७७ ची त्यांची ‘व्होल्टेस फाइव्ह’ वरवर परग्रहवासीयांच्या स्वारीची गोष्ट आहे. आत मात्र शिंगं असलेले उमराव आणि शिंगं नसलेले गुलाम अशी जन्मावर उभी असलेली उतरंड आहे, आणि ती मोडू पाहणाऱ्या बापाचा शोध घेणारी मुलं आहेत. आपल्याला याचा अर्थ सांगायला कुणा जपानी समीक्षकाची गरज नाही. फिलिपिन्समध्ये ही मालिका कमालीची लोकप्रिय झाली आणि १९७९ मध्ये शेवटचे काही भाग उरले असताना मार्कोस राजवटीनं तिच्यावर बंदी घातली. कारण दिलं गेलं मुलांवर होणाऱ्या हिंसेच्या परिणामांचं. शेवट न पाहिलेली ती पिढी मार्कोस जाईपर्यंत मोठी झाली. २०२३ साली तिथल्याच वाहिनीनं माणसं घेऊन त्या गोष्टीची नवी मालिका केली.

या सगळ्यांत आजच्या प्रेक्षकासाठी सर्वांत महत्त्वाची मालिका कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर ‘मोबाइल सूट गंडम’. ७ एप्रिल १९७९ ते २६ जानेवारी १९८०. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. तोमिनोंनी यंत्रमानवाची अवतारी पुरुषाची पदवी काढून घेतली. इथे तो शस्त्र आहे : कारखान्यात बनतो, त्याला नमुना क्रमांक असतो, दारूगोळा संपतो, दुरुस्ती लागते. शत्रूकडचा ‘झाकू’ तर सरळ घाऊक उत्पादन, एकासारखा दुसरा. दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि दोन्ही बाजूंना लबाड पुढारी आहेत. जहाजावर निर्वासित आहेत, पोरं आहेत. एका भागात तर स्वयंपाकघरातलं मीठ संपत आल्यामुळे सगळ्यांची झोप उडते. मिठासाठी वाट वाकडी करणारं युद्धनौकेचं पथक मी दुसऱ्या कुठल्या युद्धकथेत पाहिलेलं नाही.

खेळणी विकणाऱ्याला हे कसं आवडावं? प्रेक्षकसंख्याही कमी होती. बावन्न भागांची योजना त्रेचाळिसांवर आटोपली. नंतर पुनःप्रक्षेपणांतून ती लोकांपर्यंत पोचली. जुलै १९८० मध्ये बान्दाई कंपनीनं तीनशे येनांत घरी जोडायचं प्लॅस्टिकचं गंडम काढलं आणि पोरांनी दुकानांसमोर रांगा लावल्या. १९८१-८२ मध्ये मालिकेचे तीन चित्रपट करण्यात आले. आजच्या माणसानं या चित्रपटांपासून सुरुवात करावी असं पुष्कळजण सुचवतात. मी जरा वेगळं म्हणेन. आधी मालिकेचे पहिले दोन भाग पाहा, मग तिन्ही चित्रपट, आणि मग सोडलेल्या भागांपैकी काही निवडून. त्यांत पंधरावा भाग जरूर घ्या. चित्रं इतकी वाकडीतिकडी, की तोमिनोंनी तो परदेशी विक्रीतून वगळायला लावला. गोष्ट मात्र सोन्यासारखी : सैन्यातून पळालेला एक सैनिक बेटावर अनाथ मुलं सांभाळतो आहे आणि त्याला सैन्याचा वास सुटत नाही. शेवटी नायक त्याचं यंत्र उचलून समुद्रात फेकतो. २०२२ मध्ये मूळ मालिकेचे पात्ररचनाकार योशिकाझू यासुहिको यांनी याच भागाचा सुबक चित्रपट केला. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर चांगलं चित्र आणि चांगली गोष्ट यांचं नातं किती सैल असतं ते दिसतं.

गंडमची उंची अठरा मीटर, म्हणजे साधारण एकोणसाठ फूट. २००९ मध्ये तोक्योत ती प्रत्यक्ष मापाची आकृती उभी राहिली तेव्हा लोक मान वर करून बघत होते. लालबाग-परळच्या माणसाला भव्यतेचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही. गणेश गल्लीनं १९७७ साली दीनानाथ वेलिंगांकडून बावीस फुटी मूर्ती घडवून घेतली तेव्हापासून आम्ही माना वर करूनच मोठे झालो. गंडम तिच्या अडीचपटीहून उंच; तळमजला अधिक तीन मजल्यांची बीडीडी चाळ त्याच्या छातीच्या आसपास येईल. पण मूर्ती बाहेरून पाहायची असते, ओढायला मात्र शेकडो हात लागतात. भोई म्हणजे पालखी वाहणारे. त्यांच्या नावाच्या वस्तीत राहणाऱ्याला भव्य वस्तू दिसली की खालची माणसं मोजायची सवय असते. गंडममध्ये ती माणसं दाखवली आहेत : तेल-पाणी पाहणारे, सुटे भाग आणणारे, रात्रपाळीला वेल्डिंग करणारे.

आणि मग बाप. या परंपरेत यंत्र जवळजवळ नेहमी वारशानं येतं. शोतारोला बापाकडून, कोजीला आजोबांकडून. गिरणगावात ही रीत वेगळी सांगायला नको. जॉबरच्या हातापाया पडून बाप आपल्या मुलाला बदलीवर चिकटवी. काही वर्षांनी बाप निवृत्त झाला की त्याच खात्यात मुलगा उभा राही. बापाचं यंत्र मुलाचं होई. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि ही साखळी तुटली. पुढे साचे भंगाराच्या भावानं गेले. आमच्या पिढीला यंत्र मिळालंच नाही. ‘जायंट रोबो’ पाहणाऱ्या त्या पंधरा-वीस पोरांपैकी बहुतेकांचे बाप तेव्हा घरी होते. घड्याळात बोललं की यंत्र हलतं, ही कल्पना आम्हाला एवढी का चिकटली याचा विचार मी बऱ्याच उशिरा केला.

गंडमचा नायक आमुरो पंधरा वर्षांचा. यंत्र त्याच्या बापानं, तेम रे यानं रचलेलं. पहिल्याच भागातल्या चकमकीत बाप अवकाशात फेकला जातो आणि मेला असं समजलं जातं. मालिकेच्या उत्तरार्धात एका तटस्थ वसाहतीत आमुरोला तो अचानक रस्त्यात दिसतो. प्राणवायू कमी पडल्यानं त्याच्या मेंदूवर परिणाम झालेला, एका भंगारवाल्याकडे राहतो. मुलगा समोर उभा आहे आणि बाप विचारतो ते गंडमविषयी. मग तो मोठ्या अभिमानानं स्वतः बनवलेला एक सुटा भाग त्याच्या हातात देतो : हा बसव, यंत्राची ताकद कितीतरी वाढेल. आमुरो बघतो. तो भाग केव्हाच कालबाह्य झालेला आहे. बाहेर आल्यावर तो रस्त्यावर फेकून देतो आणि पळत सुटतो.

हे दृश्य दोनेक मिनिटांचं आहे. संगीताचा कल्लोळ नाही, तत्त्वज्ञान नाही. माझे वडील संप फिसकटल्यावर कितीतरी वर्षं घरी कुणी पाहुणा आला, की धोट्याची गती कशी वाढवता येईल हे कागदावर काढून दाखवायचे. तो कागद मी कधी ठेवला नाही. खेळणी विकण्यासाठी बनवलेल्या मालिकेत हे बसतं कसं, हा प्रश्न मी ‘साचा मोडला पाहिजे’ म्हणणाऱ्यांना विचारतो. साच्यामुळेच बसतं. इतके भाग यंत्र वारशानं आलेलं पाहिलं नसतं, तर ते फेकून देण्याचा अर्थ कळला नसता.

याच कारणानं ‘इव्हान्गेलियन’पासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. हिदेआकी आन्नो यांची ही मालिका १९९५-९६ ची. २०१९ पासून ती नेटफ्लिक्सवर असल्यानं बहुतेक तरुण याच दारानं आत येतात. मालिका थोर आहे. पण तिच्यातला शिन्जी बापानं दिलेल्या यंत्रात बसायला नकार देतो, तेव्हा तो कोजी आणि आमुरो या दोघांना उत्तर देत असतो. ‘झेंडूची फुले’ आधी वाचून मग रविकिरण मंडळाकडे वळणाऱ्या वाचकाला हसू येईल, पण कशाला हसतो आहे ते कळणार नाही.

मग सुरुवात कुठून? मुंबईकरानं, विशेषतः आमच्या भागातल्या माणसानं, ‘पॅटलेबर’पासून करावी. १९८८ साली सुरू झालेल्या या कथामालेत यंत्रमानवांना लेबरच म्हणतात. ते इमारती बांधतात, भराव टाकतात, ओझी उचलतात. त्यांतलं एखादं बिथरलं किंवा दारुड्याच्या हाती लागलं, तर पकडायला पोलिसांकडेही तसलंच यंत्र आहे. पोलिसांचं हे पथक शहराबाहेरच्या पडीक जागेत बसतं, बराचसा वेळ जेवण काय मागवायचं यावर वाद घालतं आणि वरिष्ठांच्या शेऱ्यांना घाबरून असतं. नोआ इझुमी ही तरुण शिपाई आपल्या यंत्राला लाडानं आल्फोन्स म्हणते, पुसूनपासून ठेवते, ओरखडा आला तर रडकुंडीला येते. खंडेनवमीला साच्याला हार घालणाऱ्यांना ती लगेच आपली वाटेल.

यातला १९८९ चा पहिला चित्रपट, दिग्दर्शक मामोरू ओशी, मी दोनदा पाहिला. तोक्योच्या खाडीत प्रचंड भराव घालण्याची योजना चालू आहे. त्या कामावरच्या यंत्रांची आज्ञावली लिहिणारा माणूस त्यात घातक गोम ठेवून आत्महत्या करतो. त्याचा माग काढत एक मध्यमवयीन पोलीस अधिकारी आपल्या सहकाऱ्यासह त्या माणसाच्या जुन्या पत्त्यांवर फिरतो. प्रत्येक पत्ता पाडकामाला आलेला. लाकडी घरं, ओसाड गल्ल्या, पाणी साचलेले कालवे, मागे उंच काचेच्या इमारती. बराच वेळ कुणी बोलत नाही. उन्हाळा आहे, दोघं घामानं निथळताहेत आणि नुसते चालताहेत. यंत्रमानवांच्या चित्रपटात यंत्रमानव नसलेली ही मिनिटं सर्वांत चांगली आहेत. नायगावच्या बेचाळीस बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उठताना पाहणाऱ्याला त्यातली एकेक चौकट ओळखता येते : दाराच्या चौकटीवर उरलेला नंबर, जिन्याखाली टाकून दिलेलं सामान, अर्ध्या पाडलेल्या भिंतीवरचा पुसट रंग.

तेव्हा क्रम असा धरावा : आधी ‘पॅटलेबर’चा हा चित्रपट, मग गंडम वर सांगितल्याप्रमाणे, मग ‘व्होल्टेस फाइव्ह’मधलं थोडं, आणि तोवर साच्याचा कान तयार झालेला असेल तर ‘इव्हान्गेलियन’. जपानी आवाज ठेवून खाली इंग्रजी अक्षरं वाचावीत. जुन्या इंग्रजी आवाजांत विनोद आपोआप होतो, तो नको तिथेही होतो. ‘जायंट रोबो’ मात्र इंग्रजीतच पाहावा. त्याच्या शेवटी शत्रूच्या सम्राटाला मारलं तर पृथ्वीचाच स्फोट होईल अशी अडचण येते. यंत्रमानव मुलाचा हुकूम पहिल्यांदाच मोडतो, सम्राटाला कवेत घेऊन अवकाशात निघून जातो, आणि खाली मुलगा घड्याळात ‘परत ये’ म्हणून ओरडत राहतो. भाच्यानं तो भाग फोनवर पाहिला आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

सगळं आवडलं तर ‘मॅझिंगर’चे ब्याण्णव भाग आहेतच. आठवड्याला एक धरला तर पावणेदोन वर्षं.